मुलाचा मोबाइल काढून घ्यावा का?

मूल ऑनलाइन भलत्या माणसाच्या तावडीत सापडू नये म्हणून मोबाइलच काढून घ्यावा का, असे अनेक पालक मला विचारतात. त्यांना मी आठवीतल्या एका मुलाची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तिच्यातील काही तपशील बदलले आहेत.

आईच्या यूपीआय खात्यातून पाचशे, आठशे, हजार अशा रकमा जात असल्याचे लक्षात आल्यावर आईवडील त्याला ‘चोरीची सवय लागली’ म्हणून घेऊन आले होते. मोबाइल वडिलांनी आधीच कुलूपबंद केला होता. मुलगा नीट जेवत नव्हता, रात्री जागा राहत होता आणि पैशांविषयी अवाक्षर काढत नव्हता.

मी त्याच्याशी एकट्याशी बोलले. तुझ्या जिवाला धोका असेल तर मला आईबाबांना सांगावे लागेल, पण ते तुला विश्वासात घेऊनच सांगेन, हे आधीच स्पष्ट केले. बऱ्याच वेळाने तो बोलला. गेम खेळताना ओळख झालेल्या ‘मुलीने’ त्याला दुसऱ्या अ‍ॅपवर बोलावले, व्हिडिओ कॉलवर कपडे काढायला लावले आणि ते चित्रित करून, पैसे दे नाहीतर शाळेच्या ग्रुपवर टाकीन, अशी धमकी सुरू केली. मुलगे अशा प्रकारात अडकत नाहीत ही पालकांची समजूत चुकीची आहे. पैशांसाठी केल्या जाणाऱ्या या खंडणीत किशोरवयीन मुलगेच मोठ्या प्रमाणावर हेरले जातात. जीव द्यावासा वाटतो का, हेही मी त्याला थेट विचारले. अशा वेळी हा प्रश्न टाळू नये, कारण तो विचारल्याने मुलाच्या मनात तसा विचार रुजत नाही. मग घरी का सांगितले नाहीस, असे विचारल्यावर तो म्हणाला, “बाबांनी मोबाइल कायमचा काढून घेतला असता.”

वडिलांना मी सर्वप्रथम एवढेच करायला सांगितले की, त्यांनी मुलाजवळ बसून यात त्याचा दोष नाही असे स्वतःच्या तोंडाने म्हणावे, आणि पुढच्या काही रात्री त्याला एकटे झोपू देऊ नये. ते त्यांना जड गेले, पण त्यांनी ते केले.

बाकीची कामे त्याच दिवशी झाली. आणखी एक रुपयाही द्यायचा नाही, कारण पैसे मिळाले की मागणी वाढते. रागाच्या भरात चॅट पुसायचे नाहीत. धमक्यांचे, प्रोफाइलचे आणि यूपीआय आयडीचे स्क्रीनशॉट घेऊन मगच त्या व्यक्तीला ब्लॉक करायचे. 1930 या सायबर हेल्पलाइनवर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार झाली. मुलाच्या चित्रणाचा धाक दाखवणे हा 2012 च्या पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या, कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. बदनामीच्या भीतीने थांबलेल्या पालकांना मी हेही सांगते की, त्याच कायद्याने मुलाची ओळख जाहीर करण्यास मनाई आहे. ‘टेक इट डाउन’ या मोफत सेवेत चित्रणाची प्रत कुठेही न पाठवता त्याची डिजिटल खूण तयार होते आणि सहभागी समाजमाध्यमे तिच्या आधारे ते शोधून हटवू शकतात.

मोबाइल मुलाला परत मिळाला. गेममधील अनोळखी व्यक्तींशी बोलण्याची सोय बंद झाली, यूपीआयचा पिन बदलला आणि रात्री घरातले सगळेच मोबाइल, वडिलांचाही, बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लागू लागले. गुगलच्या फॅमिली लिंकसारख्या पालकांसाठीच्या साधनांनी वेळेवर आणि अ‍ॅपवर नियंत्रण ठेवता येते, पण चॅटमध्ये कोण काय म्हणाले हे त्यातून कळत नाही. ते मुलानेच सांगावे लागते. म्हणून काहीही घडले तरी सांगितल्याबद्दल शिक्षा होणार नाही, हा शब्द मुलाला काही घडण्याआधीच द्यावा आणि पाळावा. एवढे करूनही घरी बोलणे त्याला अवघड वाटू शकते, यासाठी 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक त्याला पाठ करून द्यावा आणि तो कधीही, कोणालाही न विचारता फिरवायची मोकळीक द्यावी.