जुन्या रिकर्व्हच्या लिम्बला बसलेला पीळ निघतो का?

निघतो. धनुष्य फेकू नका. दोरी चढवली की ती खालच्या लिम्बवर (धनुष्याच्या वाकणाऱ्या हातावर) एका कडेला सरकते, म्हणजे आता हे जुनं रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) भिंतीवर टांगायचं का, असं तुम्ही विचारलंय. हा निकाल मलाही एकदा ऐकवला गेला होता, म्हणून लिहायला बसलो.

माझं रिकर्व्ह काकांकडून आलेलं. वन-पीस, म्हणजे अखंड, आत मेपल आणि दोन्ही अंगांना फायबरग्लासचा पातळ थर. आमच्याकडे एक सीनियर होते, ज्यांचा शब्द कुणी मोडत नसे. त्यांनी ते नेमबाजीला मागून घेतलं आणि पायात घालून दोरी चढवली: खालचं टोक घोट्यात अडकवलं, रायझर (मुठीचा मधला भाग) मांडीमागे टेकवला आणि वरचा लिम्ब हाताने पुढे रेटला. मी स्ट्रिंगर (दोरी चढवायचं साधन) पुढे केला, तर म्हणाले, "ते नवशिक्यांचं काम." नंतर चढवलेलं धनुष्य त्यांनी तसंच कोपऱ्यात, खालच्या टोकावर उभं करून ठेवलं. काही दिवस हेच चाललं. मग एकदा मी टोकाकडून डोळा लावून पाहिलं, तर वर दोरी बरोबर मधल्या खोबणीत बसलेली आणि खाली वळणावर पार डाव्या कडेला चिकटलेली. त्यांना दाखवलं. "लाकूड थकलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, नवीन घे."

लाकूड थकलं की धनुष्याचा जोर कमी होतो. एकाच लिम्बचं टोक एकाच बाजूला वळणं हे वयाचं लक्षण नाही. घोटा टोकाला सरळ रेषेत ओढत नाही, बाजूला ढकलतो, आणि रिकर्व्हचं टोक रुंदीला कमी, जाडीला पातळ, त्यामुळे तो भार तिथेच बसतो.

मी पीळ काढला. हाताला सोसवेल इतकंच गरम पाणी लिम्बवर बाहेरच्या वळणाजवळ ओतत राहायचं, लिम्ब आतपर्यंत कोमट झाला पाहिजे. मग रायझर गुडघ्यांत पक्का धरून लिम्ब उलट दिशेने पिळायचा, मध्याच्या थोडा पलीकडे, कारण सोडल्यावर तो जरा मागे येतोच. पूर्ण गार होईपर्यंत हात सोडायचा नाही. इथेच सगळे घाई करतात. मग पुसून, स्ट्रिंगरने दोरी चढवून रात्रभर आडवं ठेवायचं. सकाळी पुन्हा डोळा लावून बघायचं, पीळ उरला असेल तर पुन्हा तेच. माझं असं हळूहळू सरळ झालं आणि आजही मी त्यानेच बाण सोडतो. टोकाची खाच एका बाजूने घासून दोरी मध्यावर आणायचा उपाय कुणी सुचवला तर ऐकू नका. त्याने पीळ तसाच राहतो, फक्त झाकला जातो.

सरळ झालेलं धनुष्य त्या सीनियरना दाखवलं, तरी पायात घालून चढवण्याने काही होत नाही हा त्यांचा हेका सुटला नाही. "आम्ही आयुष्यभर असंच चढवलं" हे उत्तर नाही. ज्यांची धनुष्यं वाचली त्यांची वाचली, इतकंच त्यातून कळतं. तुमच्याकडे कुणी असं चढवत असेल तर धनुष्य हातात देऊ नका, माणूस कितीही मोठा असो.

हीट गन अजिबात नको. थर एपॉक्सीने चिकटलेले असतात, जास्त उष्णतेने ते सुटतात. उन्हात बंद गाडीत ठेवलेलं धनुष्यही त्यामुळेच जातं. आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: थर कुठे उचकटलाय का, फायबरग्लासवर आडवी चीर आहे का, हे नखाने चाचपून बघा. असेल तर पाणीही नको आणि दोरीही नको, ते ताणताना तुटून तोंडावर येऊ शकतं. टेकडाउन (लिम्ब सुटे होणारं) असेल तर लिम्बची रायझरवरची बैठक तपासा, कधीकधी तीच तिरकी असते. आणि दोरी डॅक्रॉनचीच (जरा ताणणाऱ्या पॉलिस्टरची) लावा. न ताणणाऱ्या नव्या दोऱ्यांचा झटका जुनी टोकं सोसत नाहीत.