बुडी मारल्यावर घंटा का ऐकू येत नाही?

प्रश्न : गोदावरीत बुडी मारली की काठावरच्या देवळातली घंटा जवळजवळ ऐकूच येत नाही, मग ध्वनी पाण्यातून अधिक वेगाने जातो, असे का म्हणतात? – एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. २० अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, तर पाण्यात सुमारे १,४८० मीटर असतो, कारण पाणी हवेपेक्षा जड असले तरी दाबले जाण्यास ते कितीतरी पटींनी अधिक विरोध करते. अडचण वेगाची नसून उंबरठ्याची आहे : हवेतून आलेल्या ध्वनिऊर्जेचा जेमतेम हजारावा भाग पाण्यात शिरतो, बाकीची पृष्ठभागावरूनच परत फिरते. पाण्याखालीच दोन गोटे एकमेकांवर आपटून पाहा. तो टक्क आवाज अगदी कानाशी झाल्यासारखा वाटेल, मात्र कोणत्या बाजूने आला ते सांगणे कठीण जाईल.