‘मोह होणे’, ‘पाप करणे’ आणि ‘प्रीती करणे’

एका वाचकाचा प्रश्न आला आहे. येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत आपण ‘आम्हांला परीक्षेत आणू नकोस’ म्हणतो, पण बायबलच्या नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात ‘देवाने मला मोहात घातले असे त्याने म्हणू नये’ असं वाचतो. मूळ ग्रीक शब्द एकच असल्याचं त्यांच्या कानावर आहे. मग मराठीत दोन शब्द का? मोह होणं हेच पाप आहे का? आणि पेत्राच्या पत्रातलं ‘प्रीती पापांची रास झाकून टाकते’ हे वाक्य म्हणजे चुकांवर पांघरूण घालायला सांगणं झालं का? त्यांना तरुणांच्या एका गटासमोर मोहाशी चाललेल्या स्वतःच्या झगड्याविषयी बोलायचं आहे. चुकीच्या शब्दामुळे ऐकणाऱ्याच्या मनावर नको ते ओझं पडू नये, अशी त्यांची काळजी आहे. ही काळजी रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही ऐकलंत ते बरोबर आहे. प्रार्थनेत ‘पेइरास्मोस’ हे नाम आहे आणि याकोबाने वापरलंय ते त्याच धातूचं क्रियापद. या शब्दाला दोन अर्थ आहेत: एखाद्याला पारखून पाहणं आणि एखाद्याला वाईटाकडे ओढू पाहणं. ग्रीक वाचकाला हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात ऐकू येत. चाळीस दिवसांच्या उपासानंतर भुकेल्या येशूला ‘धोंड्यांच्या भाकरी कर’ असं सुचवलं जातं, तो प्रसंग घ्या. सुचवणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर ते आमिष आहे. पण मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या चौथ्या अध्यायाचं पहिलंच वाक्य सांगतं की त्याला अरण्यात नेलं ते आत्म्याने. म्हणजे त्याच घटनेला परीक्षेचीही बाजू आहे. मराठीत अशी दुहेरी सोय नाही, त्यामुळे भाषांतरकाराला दर वेळी एक बाजू निवडावी लागते.

याकोबाच्या पहिल्या अध्यायात ही निवड फार जवळून पाहायला मिळते. दुसऱ्या ओवीत ‘नाना प्रकारच्या परीक्षा’ आहेत आणि त्या आल्या तर आनंद मानायला सांगितलं आहे. तेराव्या ओवीत मात्र भाषांतरकाराने एकाच वाक्यात दोन्ही शब्द वापरले आहेत: ‘कोणाची परीक्षा होत असता, देवाने मला मोहात घातले, असे त्याने म्हणू नये.’ ग्रीकमध्ये दोन्ही जागी क्रियापद एकच आहे. भाषांतरकाराने शब्द बदलला नसता तर मराठी वाचकाला ‘परीक्षा आली तर आनंद माना’ आणि ‘देव परीक्षा घेत नाही’ ही दोन विधानं एकमेकांना खोडून काढताना दिसली असती. मला ही निवड अतिशय जबाबदार वाटते. इब्री लोकांस पत्रात तर तिसराच शब्द आला आहे. तिथे येशू ‘सर्व प्रकारे आपल्याप्रमाणे पारखलेला होता, तरी निष्पाप राहिला’ (४:१५). परीक्षा, मोह आणि पारख, तिन्हींच्या मुळाशी तोच ग्रीक धातू.

यातले दोन शब्द काळाच्या ओघात हलकेही झाले आहेत. ‘परीक्षा’ म्हटलं की आज आधी पेपर आणि निकाल आठवतो. ‘मोह’ संस्कृतातल्या ‘मुह्’ धातूपासून आला. ‘मूढ’ आणि ‘मुग्ध’ ही त्याची भावंडं. षड्रिपूंमधला मोह म्हणजे बुद्धीवर पडलेली झापड, खरं-खोटं न कळणं. आजच्या मराठीत तो ‘ओढ’ या अर्थाने जास्त चालतो. फोटो काढायचा मोहही आवरत नाही म्हणतात. (मोहाची फुलं देणाऱ्या झाडाचा याच्याशी संबंध नाही. ते नाव ‘मधूक’पासून आलं आहे.) तरी जुना अर्थ पुरता गेलेला नाही. ‘मोहापायी वाहवत गेला’ म्हणताना त्याला नेमकं दिसेनासं झालं होतं, हेच आपण सांगत असतो. म्हणून माणसाच्या आतल्या ओढीसाठी ‘मोह’ हाच शब्द मला योग्य वाटतो. ‘प्रलोभन’ बाहेरून दाखवलं जातं, ते दाखवणारा कुणीतरी असतो. याकोब चौदाव्या ओवीत म्हणतो की माणूस आपल्याच वासनेने ओढला जातो व भुलवला जातो. तिथल्या ‘भुलवणे’साठी मूळ ग्रीक क्रियापद गळाला आमिष लावून फसवण्याचं आहे. पण गळ टाकणारी माणसाची स्वतःची वासना आहे.

मग प्रार्थनेत ‘परीक्षेत आणू नकोस’ देवालाच का म्हणायचं? हा प्रश्न मराठीपुरता नाही. फ्रेंच कॅथलिकांनी डिसेंबर २०१७ पासून ही ओळ ‘आम्हांला मोहात शिरू देऊ नकोस’ अशा अर्थाने बदलली. त्याच महिन्यात पोप फ्रान्सिस यांनीही, मोहात नेण्याचं काम सैतानाचं असतं, असं सांगून प्रचलित भाषांतराविषयी नापसंती बोलून दाखवली. इटालियन उपासनाविधीत नवी ओळ २०२० मध्ये आली.

माझं मत विचाराल तर मराठीतली जुनी ओळ बदलण्याची गरज नाही, आणि त्याचं कारण मराठी प्रार्थनेच्या परंपरेतच आहे. ‘पापाची वासना नको दावू डोळां, त्याहुनी अंधळा बराच मी’ हा तुकोबांचा चरण ऐकताना, देव पापाची वासना दाखवतो अशी तक्रार कुणालाच ऐकू येत नाही. ऐकू येतो तो स्वतःची खात्री नसलेल्या माणसाचा आर्जव. माझा भरवसा देता येत नाही, देवा, तेव्हा तो प्रसंगच नको. ‘परीक्षेत आणू नकोस’मधला ‘नको’ याच जातीचा आहे. ज्याच्या कानाला अभंगाची सवय आहे त्याला हा ‘नको’ समजावून सांगावा लागत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न: मोह होणं हेच पाप का? याचं उत्तर शब्दकोशात नामांपाशी शोधू नका, क्रियापदांपाशी शोधा. आपण ‘मला मोह झाला’ म्हणतो. ‘मला भूक लागली’, ‘मला राग आला’ यांच्यासारखीच ही रचना आहे. इथे मी कर्ता नाही; माझ्या बाबतीत काहीतरी घडलं आहे. ‘मला पाप झालं’ असं मात्र मराठीत कुणी म्हणत नाही. पाप मी ‘करतो’. (‘पाप लागतं’ म्हणतात खरं, पण ते केल्यानंतरचं.) या दोहोंच्या मधोमध ‘मी मोहात पडलो’ आणि ‘मी मोहाला बळी पडलो’ हे उंबरठ्यावरचे प्रयोग आहेत. तिथे ‘मला’चा ‘मी’ झालेला असतो. मोह होणं, मोहात पडणं, पाप करणं: वासनेतून पाप जन्मतं हा याकोबाने पुढच्याच ओवीत सांगितलेला क्रम मराठी व्याकरणात असा आयता सापडतो. संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी डोंगरावरील प्रवचनावर लिहिताना हेच तीन पायऱ्यांत मांडलं: आधी मनात येणारी सूचना, मग तिच्यात वाटणारी गोडी आणि शेवटी संमती. पाप पूर्ण होतं ते संमतीपाशी.

यावर हमखास येशूचं एक वचन पुढे केलं जातं. ‘जो कोणी एखाद्या स्त्रीकडे कामेच्छेने पाहतो त्याने आपल्या मनात तिच्याशी व्यभिचार केलाच आहे.’ या वचनाने अनेक तरुण मुलं स्वतःला रात्रंदिवस कोसत राहतात, म्हणून इथे थांबायला हवं. वचनात ‘पाहतो’ आहे. मराठीत ‘मला दिसलं’ वेगळं आणि ‘मी पाहिलं’ वेगळं; दिसणं होतं, पाहणं केलं जातं. ग्रीक वाक्यरचनाही ‘अभिलाषा धरावी या हेतूने पाहणारा’ अशी आहे. हीच गोष्ट विचारांची. कॅथलिक उपासनेत विचाराने केलेल्या पापाचीही कबुली दिली जाते, पण ‘मनात विचार आला’ आणि ‘मी तसा विचार केला’ यांत मराठी माणूस कधी गल्लत करत नाही. आलेल्या विचाराला बसायला पाट दिला की तो ‘केलेला’ होतो. आणि सगळ्यांत मोठा आधार इब्री लोकांस पत्रातल्या त्या वाक्याचा आहे. येशू सर्व प्रकारे पारखला गेला, तरी निष्पाप राहिला. मोह होणं हेच पाप असतं तर हे वाक्य लिहिताच आलं नसतं. तुमच्या ऐकणाऱ्यांना हे स्पष्ट शब्दांत सांगा. ज्या गोष्टीसाठी क्षमा मागायची गरज नाही तिच्या ओझ्याखाली माणूस दबला, की ज्या गोष्टीसाठी मागायला हवी तिच्यासाठी त्याच्यात त्राण उरत नाही.

पौलाचं रोमकरांस पत्र या सरळ हिशेबात एक गाठ मारतं, आणि ती सोडवून दाखवण्याचा आव मी आणणार नाही. ‘जे चांगले करावेसे मला वाटते ते मी करत नाही; तर करावेसे वाटत नाही असे जे वाईट ते मी करतो’ (७:१९). ‘वाटणं’ आणि ‘करणं’ एकाच वाक्यात समोरासमोर उभी आहेत, आणि वाटणं चांगल्या बाजूला आहे. पुढच्या ओवीत तर ‘पाप’ हाच कर्ता होतो: माझ्या ठायी वसणारं पाप ते करतं. आपल्याला पाप हे कृत्य म्हणून माहीत आहे. त्याचा घडा भरतो, ते पदरात पडतं, ते फेडावं लागतं. पौलाच्या लेखी ते आत बिऱ्हाड करून राहिलेली सत्ताही आहे. वर्षानुवर्षं एकाच सवयीशी झुंजणाऱ्या माणसाला हे वाक्य पटकन कळतं. पण पौल तिथे जबाबदारी झटकत नाही. ‘मी करतो’ हे त्याने आधीच कबूल केलेलं आहे. म्हणून ही वाक्यं बोलताना क्रम उलटा करू नका.

आणि प्रीती. हा शब्द आता गाण्यांमध्ये प्रियकर-प्रेयसीचा झाला आहे, त्यामुळे नव्या करारातल्या ‘आगापे’ या मूळ ग्रीक शब्दासाठी तो अपुरा आहे असं म्हणणारे भेटतात. ‘प्रेम’ आणि ‘प्रीती’ दोन्ही ‘प्री’ या एकाच धातूतून आले आहेत, तेव्हा एकाने दुसऱ्याची जागा घेऊन फारसं काही साधत नाही. (पत्राच्या शेवटी आपण ‘लोभ असावा’ लिहितो, तो शब्द तर सहा शत्रूंपैकी एकाचा. शब्दांची गोत्रं पाहून माया ठरत नाही.) पाहायचं ते पुन्हा क्रियापद. प्रेम ‘वाटतं’, ते ‘जडतं’, ‘बसतं’. मराठी बायबलमध्ये प्रीती बहुतेक ठिकाणी ‘करायची’ असते: ‘तू आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर.’ जे आपोआप वाटतं त्याची आज्ञा देता येत नाही, जे करायचं असतं त्याची देता येते. करिंथकरांस पहिल्या पत्रातल्या तेराव्या अध्यायात प्रीतीचं वर्णन मूळ ग्रीकमध्ये क्रियापदांनीच केलं आहे. मराठीत सुरुवात ‘सहनशील आहे, परोपकारी आहे’ अशा विशेषणांनी होते, पण लगेच ‘हेवा करत नाही’, ‘बढाई मारत नाही’, ‘अपकार स्मरत नाही’ अशी क्रियापदं येतात. यातल्या ‘स्मरत नाही’च्या जागी मूळ शब्द हिशेबाचा आहे: कुणी केलेलं वाईट खात्यावर मांडून ठेवत नाही.

इथून ‘झाकून टाकते’कडे जाता येतं. आजच्या मराठीत ‘पांघरूण घालणे’ म्हणजे गुन्हा दडपणे, म्हणून तुम्हाला ते वाक्य खटकलं. पेत्राच्या त्या वाक्यामागे नीतिसूत्रांतली म्हण आहे आणि तिथल्या हिब्रू क्रियापदाचा अर्थ झाकणे हाच आहे. तेच क्रियापद बत्तिसाव्या स्तोत्रात दोनदा येतं. सुरुवातीला, ज्याचं पाप झाकलं गेलं तो धन्य म्हटला आहे. पुढे पाचव्या ओवीत तोच माणूस म्हणतो की मी माझा अपराध झाकून ठेवला नाही. एकाच क्रियापदाचा असा उलटसुलट वापर कसा चालतो? झाकतो कोण ते पाहा. करणाऱ्याने स्वतःचं झाकलं तर ती लपवाछपवी. ज्याचं वाईट झालं त्याने मोकळ्या मनाने झाकलं तर ती क्षमा. तिसऱ्याच कुणावर झालेल्या अन्यायावर आपण बाहेरून झाकण घालायचं, असा अर्थ यातून काढता येत नाही. करिंथकरांस पत्रातल्या त्याच तेराव्या अध्यायात प्रीती अनीतीत आनंद मानत नाही, सत्याबद्दल आनंद मानते, असं स्वच्छ लिहिलेलं आहे. संस्थेची किंवा घराची अब्रू राखण्यासाठी पेत्राचं वाक्य पुढे करणाऱ्याला हे जरूर दाखवावं.

शेवटी तुमच्या भाषणातल्या वाक्यांविषयी. तुम्ही कळवलेल्या मसुद्यात ‘मोहाविरुद्धचा माझा लढा’ आहे. ते घोषणेसारखं वाटतं. ‘मोहाशी झगडतो आहे’ हे बोलण्यातलं आहे. ‘मला मोह आवरला नाही’ आणि ‘माझ्या हातून पाप घडलं’ ही वाक्यं मात्र गाळावीत असं सुचवतो. दोन्ही मराठीत रुळलेली आहेत, पण ‘मी’ अलगद बाजूला सरकवायची सोय दोन्हींत आहे. लूकच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायात, वाट्याची मालमत्ता उधळून बसलेला धाकटा मुलगा घरी परतल्यावर ‘हातून घडलं’ म्हणत नाही, ‘मी पाप केले आहे’ म्हणतो. आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या कितीतरी आधी, तो दूर असतानाच, बापाला त्याचा कळवळा आलेला असतो आणि त्याने धावत जाऊन मिठी मारलेली असते. तुमच्या ओळी अशा करता येतील: ‘मला मोह होतो. पुष्कळदा मी त्यात पडलो आणि पाप केलं. ते मी देवाजवळ आणि ज्यांचं वाईट केलं त्यांच्याजवळ कबूल केलं आहे.’ तिसरं वाक्य खरं असेल तरच ठेवा.