सांकेतिक भाषेचा ‘अनुवादक’ की ‘दुभाषी’?

प्रश्न असा आहे: एका नगरपरिषदेच्या सूचनेत ‘मूकबधिरांसाठी मराठी सांकेतिक भाषेचा अनुवादक उपलब्ध होऊ शकेल’ असं छापलंय. इथे ‘अनुवादक’ बरोबर की ‘दुभाषी’?

‘दुभाषी’च. अनुवादक लिखित मजकुरावर काम करतो, त्याला कोश उघडायला आणि खाडाखोड करायला सवड असते. समोरासमोर बोलणं चालू असताना दोघांचंही म्हणणं तिथल्या तिथे पोचवतो तो दुभाषी. पदाच्या जाहिरातीत ‘अनुवादक’ लिहिलं की इंग्रजी-मराठी भाषांतर करणारे अर्ज करणार आणि खिडकीवर आलेला कर्णबधिर माणूस तसाच उभा राहणार. अर्हता म्हणून भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली सांकेतिक भाषा दुभाषी पदविका मागावी. बाईंनाही ‘दुभाषी’च म्हणतात.

त्या वाक्यात याहून मोठी चूक ‘मराठी सांकेतिक भाषा’ ही आहे. महाराष्ट्रात वापरतात ती भारतीय सांकेतिक भाषा. ती हातांनी केलेली मराठी नव्हे, म्हणूनच तर ‘दु’भाषी लागतो. तिच्यात प्रश्नार्थक शब्द आणि नकार सहसा वाक्याच्या शेवटी येतात, भुवया आणि चेहराही व्याकरणाचं काम करतात. त्यामुळे ‘हातवारे’ हा शब्द तिला लावू नये. ‘कागदावर लिहून दाखवू’ हाही पर्याय पुरत नाही. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांची मराठी ही दुसरी भाषा असते. ‘फेरफार नामंजूर’ हे वाचता आलं तरी उमगेलच असं नाही. ‘मूकबधिर’ऐवजी ‘कर्णबधिर’ लिहावं, कारण ऐकू न येणारा माणूस मुका असतोच असं नाही.

आता ‘होऊ शकेल’. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 12 प्रमाणे न्यायालय, न्यायाधिकरण, आयोग अशा ठिकाणी त्या व्यक्तीची साक्ष, युक्तिवाद किंवा मत तिच्या पसंतीच्या भाषेत नोंदवण्याची सोय शासनाने करायची आहे. भारतीय साक्ष अधिनियम 2023 चं कलम 125 तर शब्दप्रेमींनी मुद्दाम वाचावं: खुणांनी दिलेली साक्ष ‘तोंडी’ पुरावाच मानली जाते, आणि साक्षीदाराला बोलून सांगता येत नसेल तर न्यायालयाने दुभाषी किंवा विशेष शिक्षक घेऊन जबाबाचं चित्रीकरण करायचंच असतं. कर्तव्याच्या जागी ‘शकेल’ घातलं की वाचणाऱ्याला ती मेहेरबानी वाटते.

सूचनेत फक्त दूरध्वनी क्रमांक देणं ही नेहमीची चूक. ज्याला ऐकू येत नाही तो फोन कसा करणार? संदेश पाठवता येईल असा क्रमांक हवा. सुनावणी लांबणारी असेल तर दोन दुभाषी बोलवावेत. साधारण वीस मिनिटांनी एकमेकांची जागा घेतली नाही तर थकव्याने अर्थ निसटतो. दुभाष्याला कागदपत्रं आधी द्यावीत, त्याला अधिकाऱ्याच्या शेजारी बसवावं आणि मागे उजेडाची खिडकी नसावी. अधिकाऱ्याने कर्णबधिर व्यक्तीकडे पाहून ‘तुमचा अर्ज’ म्हणावं, दुभाष्याकडे वळून ‘यांचा अर्ज’ नव्हे.

सुधारलेलं वाक्य: ‘कर्णबधिर नागरिकांसाठी भारतीय सांकेतिक भाषेच्या दुभाष्याची सोय कार्यालय विनामूल्य करेल, तारीख, वेळ व कामाचा विषय या क्रमांकावर संदेशाने कळवावा.’