अंग बाहेर येत असल्यास पिशवी काढणे हाच उपाय आहे का?

आपल्या बावन्न वर्षांच्या आईंचे अंग बाहेर येते, डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितले आहे, तर व्यायामाने भागेल का, असे आपण विचारले आहे. पहिल्या-दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे अंग फार खाली उतरलेले नसताना, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामाने त्रास कमी होऊ शकतो. गर्भाशय पूर्ण बाहेर आले असल्यास ते व्यायामाने आत जात नाही.

माझ्या सासूबाईंनी हे दुखणे वर्षानुवर्षे झाकून ठेवले. जुन्या लुगड्याचा लंगोट घट्ट बांधून त्या खुरपणीला जात, बसताना एका कुशीवर कलत. लघवीला वारंवार उठावे लागते म्हणून त्यांनी पाहुण्यांकडे मुक्कामाला जाणेही सोडले होते. लंगोटाला रक्त लागलेले दिसल्यावर मी त्यांना दवाखान्यात नेले. बाहेर आलेला भाग घासून तिथे जखम झाली होती. "या वयात पिशवीचे काम काय, काढून टाका," असे डॉक्टर म्हणाले आणि माझ्या थोरल्या दिरांनी लगेच होकार दिला. सासूबाईंना कोणी विचारलेच नाही. मी हट्टाने दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी तपासण्या करून आधी जखम भरू दिली आणि मग गर्भाशयाला आधार देणारी सिलिकॉनची रिंग योनीत बसवली. सासूबाई आज तिच्यावर निर्धास्त हिंडतात, तरीही दीर याला अर्धवट इलाजच म्हणतात.

दिरांना मी हेच सांगत आले आहे, की बाळंतपणे, ओझी, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ आणि पाळी गेल्यानंतरचा अशक्तपणा यांनी सैल होतात ते स्नायू आणि बंध; नुसती पिशवी काढल्याने ते घट्ट होत नाहीत, आणि पुढे योनीचा वरचा भागही खाली उतरू शकतो. गर्भाशय राखून त्याला आधार देणाऱ्या शस्त्रक्रिया मुंबईत डॉ. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांनी गेल्या शतकातच रूढ केल्या. बायका बोलत नाहीत, हे खरे दुखणे आहे: डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या गडचिरोलीतील पाहणीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले, पण पूर्वी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या.

अर्थात पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होत असेल किंवा गर्भाशयाचा दुसरा आजार निघाला, तर पिशवी काढणेच योग्य ठरू शकते. म्हणून श्रेणी कोणती, रिंग चालेल का आणि पिशवी काढल्यास तळाच्या आधाराची दुरुस्ती करणार का, हे डॉक्टरांना आईंच्या समोर विचारा आणि होकार त्यांनाच देऊ द्या.