जुन्या ट्रान्समीटरला कोणता मायक्रोफोन जोडावा?

प्रश्न : माझ्याकडे १९६०च्या दशकातील व्हॉल्व्हचा (निर्वात नळ्यांचा) एएम ट्रान्समीटर आहे. ६०० ओमचा डायनॅमिक मायक्रोफोन जोडल्यास आवाज अगदी क्षीण जातो, तर संचासोबत मिळालेला अ‍ॅस्टॅटिक डी-१०४ जोडल्यास तो पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो, असे समोरचे हॅम (हौशी रेडिओचालक) सांगतात. यांपैकी कोणता ठेवावा?

उत्तर : निवड करण्यापूर्वी पहिल्या व्हॉल्व्हच्या ग्रिडपासून (मायक्रोफोनचा संकेत जेथे शिरतो त्या टोकापासून) अर्थिंगपर्यंत किती ओमचा रेझिस्टर आहे, ते पाहावे. डी-१०४ हा रोशेल सॉल्टच्या स्फटिकाचा मायक्रोफोन असून तो विद्युतदृष्ट्या लहानशा कपॅसिटरसारखा वागतो. स्फटिकाची धारिता १००० पिकोफॅरड धरली, तर १ मेगाओमच्या भारावर (म्हणजे त्या रेझिस्टरवर) साधारण १६० हर्ट्झच्या खालचेच स्वर दबतात. पण एखाद्या आधीच्या मालकाने तेथे ५० किलोओम बसवले असतील, तर ही मर्यादा सुमारे ३२०० हर्ट्झवर चढते आणि बोलण्याचा ३०० ते ३००० हर्ट्झचा जवळजवळ सगळा पट्टा दबून केवळ कर्कशपणा उरतो. आपल्या वर्णनावरून मला हाच दोष अधिक संभवतो. तसे असल्यास १ ते ५ मेगाओमचा रेझिस्टर बसवावा. उच्च दाबाची जागा असल्याने वीज तोडून आणि कपॅसिटर रिकामे करूनच हात घालावा.

भार योग्य असूनही आवाज सुधारला नाही, तर स्फटिकावर संशय घ्यावा, कारण दमट हवेने आणि सुमारे ५५ अंश सेल्सिअसच्या उष्णतेने रोशेल सॉल्ट बिघडते. अशा वेळी त्याच कवचात सिरॅमिक घटक बसवणे सोयीचे. त्याऐवजी इलेक्ट्रेट कॅप्सूल (छोट्या कंडेन्सर मायक्रोफोनचा घटक) बसवायची झाल्यास तिला काही व्होल्टचा स्वतंत्र डीसी पुरवठा लागतो, हे अनेक जण विसरतात.

डायनॅमिक मायक्रोफोनच आवडत असेल, तर ६०० ओम ते ५० किलोओमचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा. त्यातील फेऱ्यांच्या सुमारे १:९ गुणोत्तरामुळे व्होल्टेज सुमारे १९ डेसिबलने वाढते. तो मायक्रोफोनजवळ न ठेवता ट्रान्समीटरच्या बाजूला ठेवावा, अन्यथा उच्च इम्पिडन्सची लांब केबल गुणगुण पकडते आणि वरचे स्वरही गिळते. मायक्रोफोन बदलताना पीटीटीची (बोलताना दाबायच्या बटणाची) तार कोणत्या पिनवर आहे, ते मात्र आकृतीवरून ताडून घ्यावे. प्लग बसला म्हणजे जोडणी जुळली, असे नसते.