लाल रेघेच्या खाली

प्रश्न : बाईंना नमस्कार. मी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावी शेती करतो. मुलगी नववीत आहे. शाळेत निबंध दिला होता, ‘आमच्या गावचा पोळा’, शब्दमर्यादा ३००. पोरीनं दोन रात्री जागून ६४० शब्द लिहिले. मी स्वतः बोट ठेवून मोजले. सरांनी तीनशे शब्द झाले तिथं लाल रेघ मारली, बाजूला ‘शब्दमर्यादा!’ असं लिहिलं आणि १० पैकी ५ मार्क दिले. रेघेखाली एकही खूण नाही, म्हणजे वाचलंच नाही. पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. माझं म्हणणं असं, की दुकानदारानं किलोच्या पैशात दीड किलो साखर दिली तर गिऱ्हाईक भांडते काय? जास्त मेहनत केली तर मार्क काहून कापायचे? शाळेत जाऊन सरांना जाब विचारू का? निबंधाची झेरॉक्स सोबत जोडली आहे.
– एक पालक, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : भाऊ, शाळेत एवढ्यात जाऊ नका. गेलात तरी रागात जाऊ नका.

साखरेचा दाखला तुम्ही दिलात खरा, पण तुम्ही साखर विकत नाही, कापूस विकता. मग कापसाचंच बोलू. गाडीत पाला-पाती असली, कवडी म्हणजे किडका कापूस असला, ओलावा असला की वजन वाढतं. व्यापारी काय करतो? गंजीत कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर बाहेर काढतो, बोटांत चुरगाळतो आणि भाव पाडतो. तेव्हा ‘मी वजन जास्त दिलं’ असं तुम्ही म्हणत नाही. मान खाली घालून ऐकून घेता, कारण काय भरलं आहे ते तुम्हाला ठाऊक असतं.

तुमच्या लेकीच्या निबंधात मी असाच हात घातला. पेन्सिल घेऊन तीन वेळा वाचला. पहिल्या वाचनात मला सरांचा राग आला, दुसऱ्यात तुमच्या लेकीचा आला, आणि तिसऱ्यात चहा गार झाला तरी कळलं नाही.

सुरुवात पाहा. ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे. बैल हा शेतकऱ्याचा खरा मित्र आहे. श्रावण महिन्यात सर्वत्र आनंदीआनंद पसरलेला असतो.’ पुढं हे वाक्य : ‘त्या दिवशी सकाळी सर्व शेतकऱ्यांकडून आपापल्या बैलांना नदीवर नेऊन अंघोळ घालण्यात येत असते.’ मोजा, १३ शब्द. ‘सकाळी सगळे बैल नदीवर धुतात’ हे पाचात होतं. पण माझी पेन्सिल शब्दांवर नाही, नदीवर अडली. तुमच्या गावाला नदी आहे का हो? कारण तिसऱ्या पानावर हीच पोरगी लिहिते, की बोअरचं पाणी खारं म्हणून शंकऱ्या बैलाला शेततळ्यातून बादल्या काढून धुतलं, आणि दोन बादल्या तिनं स्वतः ओढल्या. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मग पहिल्या पानावरची नदी आली कुठून? निबंधाच्या गाईडमधून आली. माझ्या काळातही त्याच नदीवर बैल धुतले जात होते. एकतीस वर्षं मराठी शिकवलं, ती नदी काही आटली नाही.

आता त्या लाल रेघेकडे पाहा. मी पट्टी लावून पाहिलं. रेघेच्या वर पोळ्याचं महत्त्व आहे, बैलाचे उपकार आहेत, तोरण आहे, मिरवणूक आहे, पुरणपोळी आहे. गावातल्या झडत्या, म्हणजे पोळ्यात म्हणायच्या यमकाच्या ओळी, सोडल्या तर सगळं गाईडातलं. रेघेच्या खाली चौथ्या ओळीपासून तुमच्या घरचा पोळा सुरू होतो :

‘पोळ्याच्या आदल्या दिवशी आबांनी शंकऱ्याचा खांदा शेकला. जिथं जू टेकते तिथली कातडी आबांच्या टाचेसारखी झाली आहे. तिथं हळद अन् तूप लावलं. मग आबा त्याच्या कानात म्हणाले, “आज आवतन घ्या, उद्या जेवायले या.” याच्या जोडीचा मोत्या गेल्या उन्हाळ्यात विकला. तरी आबा दोघांना म्हणतात तसंच म्हणाले.’

हे ४४ शब्द आहेत. खांदशेकणीचं आवतन विदर्भात घरोघरी देतात, मी जन्मभर ऐकलं. पण एकच बैल उरलेल्या घरात ‘घ्या’ आणि ‘या’ कसं ऐकू येत असेल, हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. तो तुमच्या पोरीनं मला दिला. आणि टाचेचं ते वाक्य! मी माझ्या यजमानांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते शेतकऱ्याचेच पोर. काही बोलले नाहीत, स्वतःची टाच बघत बसले.

म्हणजे झालं असं, की सरांनी गाईड वाचलं आणि गाईडला पाच मार्क दिले. तुमच्या लेकीचा निबंध अजून कोणी तपासलेलाच नाही. त्यात सरांची चूक किती आणि तिची किती? माझ्या हिशेबानं मार्क कापले ते बरोबर, रेघेखालचं वाचलं नाही ते बरोबर नाही. पण तिनंही दारात एवढा पसारा मांडून ठेवला, की घरातला माणूस बाहेरून दिसलाच नाही.

सरांची बाजूही थोडी ऐका. वर्गात ६० पोट्टे धरा. प्रत्येकानं ३०० लिहिले तर १८,००० शब्द होतात. सगळ्यांनी तुमच्या लेकीसारखे ६४० लिहिले तर ३८,४००. हे शाळा सुटल्यावर, घरचं काम उरकून, डोळे चोळत वाचायचं असतं. मीही एकदा अशी रेघ मारली आहे. लोडशेडिंगचे दिवस होते, कंदिलाच्या उजेडात गठ्ठा घेऊन बसले होते. एका मुलानं चार पानं भरली होती. दीड पानावर रेघ मारून वही मिटली आणि गठ्ठा आठवडाभर तसाच कपाटात पडला. इतिहासाच्या चाचणीच्या दिवशी तो मुलगा रडत आला. त्याच्या निबंधाच्या शेवटी लिहिलं होतं : ‘बाई, वही लवकर परत द्या, याच वहीत मागून इतिहास आहे.’ ते शब्द अर्थातच मर्यादेच्या बाहेर होते. त्या दिवसापासून रेघ मारली तरी खालचं वाचायची सवय लागली. मार्क देत नसे, पण वाचत असे.

मर्यादा घालतात तरी कशाला, हे पोरीला सांगायचं तर दहावीच्या पेपरचा हिशेब करून दाखवा. मराठी कुमारभारतीची लेखी परीक्षा ८० गुणांची, वेळ तीन तास. म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं. निबंधाचा प्रश्न ८ गुणांचा, त्याच्या वाट्याला १८ मिनिटं येतात. त्यातच विषय निवडायचा, विचार करायचा, लिहायचं आणि एकदा वाचून काढायचं. तुमच्या लेकीला घरी दोन रात्री लागल्या. परीक्षेत ती अशीच लिहीत बसली तर निबंध होईल, आणि बातमी अन् पत्र किंवा सारांश कोरे राहतील. सारांशात तर उताऱ्याचा एक तृतीयांश करायला सांगतात. तिथं वाढवणाऱ्यापेक्षा कापणारा हात लागतो, आणि तो हात नववीतच बसलेला बरा.

आबांना विचारा, पूर्वी तार कशी करायचे. ठरावीक शब्दांच्या वर गेलं की प्रत्येक शब्दाचे वेगळे पैसे. माझ्या लग्नाची तारीख मामांना कळवायला वडील पोस्टात गेले, तर कागदावर ‘आपल्या आशीर्वादाने’ लिहून नेलेलं. पोस्टमास्तरांनी ते दोन्ही शब्द खोडले आणि म्हणाले, आशीर्वाद ते घेऊनच येतील. मामा वेळेवर आले. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली, तेव्हा मला ते पोस्टमास्तर आठवले.

आपल्या भाषेची तर इथं मदतच होते. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात. ‘बैलांच्या गळ्याभोवती’ हे दोन शब्द. हेच हिंदीत ‘बैलों के गले के चारों ओर’ म्हणा, सहा होतात. म्हणजे ३०० शब्दांत मराठी पोराला हिंदीवाल्यापेक्षा मोठं शेत मिळतं. तरी पोट्टे लबाडी करतातच. शब्द कमी पडले की ‘घरा समोर’, ‘शेता मध्ये’ असं तोडून लिहितात, आणि जास्त झाले की ‘पोळ्याच्यादिवशी’ असं चिकटवून टाकतात. मायबाई, आम्हाला काय कळत नाही? तुमच्या लेकीनं असलं काही केलेलं नाही, हे मुद्दाम सांगते. तिचं दुखणं वेगळं आहे. ‘करण्यात येते’, ‘घालण्यात येत असते’, ‘अत्यंत सुंदर असा’ हे सगळं तिला वाटतं की लिहायचं म्हणजे लागतंच. बोलताना ती असं बोलत नसेल. ‘माय, भाजी वाढण्यात यावी’ असं म्हणते का?

झेरॉक्सवर मी पेन्सिलीनं कापलं आहे. ‘भारत हा’पासून रेघेखालच्या तिसऱ्या ओळीपर्यंत सगळं गेलं. निबंध आता ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी आबांनी’ इथून सुरू होतो. मग बादल्या. मग शेजाऱ्याच्या बैलाशी सावड करून शंकऱ्या तोरणाखाली उभा राहिला तो भाग, तो अजिबात सोडू नये. दुसऱ्याच्या बैलाशेजारी तो सारखा मान वळवत होता, हे तिनं एका ओळीत लिहिलंय आणि ती ओळ पुरेशी आहे. पोळा फुटला, घरी आले, ताट वाढलं, संपलं. एक दुःखही सांगते. तिनं गावातल्या झडत्यांवर जवळपास ९० शब्द लिहिले होते, सरपंचाच्या खुर्चीवरची झडती तर फक्कड होती. तीही कापावी लागली. वाईट नव्हती, पण शंकऱ्याच्या निबंधात ती पाहुणी होती. ती तिनं वेगळ्या वहीत उतरवून ठेवावी. एवढं करून माझी मोजणी ३१८ वर आली. मी शिकवत असताना तीनशेला तीसेक शब्द इकडेतिकडे सोडत असे. तुमचे सर सोडतात का, ते तिनं विचारून घ्यावं. नाहीतर अजून १८ कुठले काढायचे हे तिचं तिनं ठरवावं, मी काढणार नाही.

मग तिनंच, तुम्ही नाही, हा निबंध स्वच्छ उतरवून सरांना द्यावा आणि म्हणावं, ‘सर, मार्क वाढवू नका, फक्त वाचा.’ गेल्या महिन्याचे पाच मार्क परत येणार नाहीत. तुम्हाला बोलायचंच असेल तर पालकसभेत एवढंच विचारा, की मर्यादा ओलांडली तर किती कापतात, हे आधी फळ्यावर लिहून द्याल का.

झेरॉक्स टपालानं परत पाठवली आहे. दुसऱ्या पानावरचा तेलाचा डाग तुमच्याकडूनच आलेला आहे, माझा फक्त चहाचा.

प्रश्न : बाई, मी दहावीत आहे. परीक्षेत शब्द मोजत बसलो तर वेळ जातो. मोजायचे कसे? आणि शीर्षक त्यात धरायचं का?
– एक विद्यार्थी, जि. वाशीम

उत्तर : परीक्षेत मोजू नकोस, आत्ता घरी मोज. तुझ्या नेहमीच्या अक्षरात लिहिलेल्या दहा ओळी घे, त्यातले शब्द मोज आणि दहानं भाग. माझ्या विद्यार्थ्यांचे ओळीला सात ते नऊ यायचे, मोठ्या अक्षराच्या पोरांचे सहा. तुझे आठ आले तर १२० शब्द म्हणजे १५ ओळी. तेवढ्या झाल्या की आवरतं घ्यायचं. खाडाखोड केलेली ओळ धरू नकोस. शीर्षक मी कधी धरलं नाही, पण तुझ्या सरांना सराव परीक्षेच्या आधी विचारून घे.